जुन्या खुराड्याची दुरुस्ती : नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

गोव्यातील खेड्यांत जुन्या घरांच्या परसात एक वस्तू हमखास आढळते. न्हाणीच्या मागे किंवा गोठ्याच्या कडेला जांभ्या चिऱ्यांच्या दोन-अडीच फूट उंचीच्या भिंती, त्यांवर लाकडी सांगाडा, गंजून फाटलेली जाळी आणि माथ्यावर निम्मी फुटलेली कौले. एके काळी तेथे दहा-पंधरा कोंबड्या रात्रीच्या मुक्कामास असत. पुढे त्यांचे करणारी घरातील वृद्ध बाई राहिली नाही, मुले नोकरीधंद्यासाठी बाहेर पडली, दुकानात अंडी सहज मिळू लागली, आणि खुराडे ओस पडले. आता त्यात नारळाची सोडणे, जळाऊ लाकूड आणि मोडकी भांडी साठविलेली असतात. घरातील एखादी सून किंवा निवृत्त होऊन गावी परतलेला गृहस्थ परसात चार कोंबड्या पाळण्याचे मनात आणतो, तेव्हा त्याची दृष्टी साहजिकच या खुराड्याकडे वळते.

हा विचार अयोग्य नाही. चिरे, कौले आणि फणसाचे किंवा सागाचे जुने लाकूड आज विकत घ्यावयाचे म्हटल्यास बराच पैसा पडेल. परंतु अशा दुरुस्तीचा शेवट पुष्कळदा निराशेत होतो. जाळी नवी बसविली जाते, फुटकी कौले बदलली जातात, बाहेरून रंगाचा हात फिरविला जातो आणि त्याच आठवड्यात बाजारातून पिले आणून आत सोडली जातात. तीन-चार आठवड्यांत पिले पंख पाडून कोपऱ्यात बसू लागतात, तुरे फिकट पडतात, विष्ठेत रक्त दिसते आणि एकामागून एक पिले दगावतात. शेजारीपाजारी म्हणतात, ‘या घराला कोंबडी मानवत नाही.’ घरची मंडळीही तसेच समजून खुराड्याला पुन्हा कडी घालतात.

कोंबडी न मानवण्याचे कारण घराच्या नशिबात नसून खुराड्याच्या फटींत आणि जमिनीत असते. मोडलेले छप्पर डोळ्यांना दिसते म्हणून त्याची दुरुस्ती प्रथम होते. जे दिसत नाही ते मागील कळपाचे देणे तसेच राहते. म्हणून जुन्या खुराड्याचे काम छपरापासून नव्हे, तर तळापासून आणि फटींपासून सुरू करावयास हवे.

फटींतील रहिवासी

कोंबड्यांचे रक्त शोषणारे दोन जीव जुन्या खुराड्यात विशेषेकरून आढळतात. पहिला म्हणजे चपट्या अंगाचा कोंबड्यांचा गोचीड. गुरांच्या गोचिडाप्रमाणे पूर्ण वाढलेला हा गोचीड जनावराला चिकटून राहत नाही. दिवसा तो भिंतीच्या फटीत, लाकडाच्या सांध्यात किंवा सालीखाली दडून बसतो व रात्री कोंबड्या दांड्यावर विसावल्या की बाहेर पडून रक्त पितो. त्यामुळे दिवसा कोंबडी उचलून तपासली तरी तिच्या अंगावर काहीच सापडत नाही. रक्त तर जातेच, शिवाय या गोचिडामुळे कोंबड्यांना एक प्रकारचा घातक तापही होतो. पूर्ण वाढलेला गोचीड दोन वर्षांहूनही अधिक काळ उपाशी जगू शकतो, ही गोष्ट नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी. ‘खुराडे दोन वर्षे रिकामेच होते’ हा निर्धास्तपणा म्हणूनच उपयोगाचा नाही.

दुसरा जीव म्हणजे तांबडा कोळी. जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या दूरच्या नात्यातील हा अतिसूक्ष्म प्राणी जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा असतो. उपाशी असताना तो करडा दिसतो आणि रक्त प्याल्यावर लाल होतो. हाही रात्रीच बाहेर येतो. अन्नाशिवाय तो आठ-नऊ महिने तग धरतो. खुराडे त्याहून अधिक काळ बंद असले तरी आढ्याशी चिमण्या-पारव्यांची घरटी असल्यास त्यांच्या अंगावरून त्याची वस्ती चालूच राहते. छपरातील जुनी घरटी काढून जाळावी असे जे सांगितले जाते, त्याचे एक कारण हे आहे. मात्र घरट्यात पिले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावे.

येथे जांभ्या दगडाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. गोमंतकात घरे याच दगडाची, खुराडीही त्याचीच. तो स्वस्त, थंड आणि टिकाऊ आहे यात शंका नाही. पण त्याच्या अंगावर असंख्य छिद्रे असतात, आणि गोचीड व कोळी यांच्या दृष्टीने त्यांतील प्रत्येक छिद्र म्हणजे तयार खोली होय. बाहेरून चिरा उघडा ठेवावा, तो शोभतोही. आतल्या बाजूने मात्र गुळगुळीत गिलावा केल्याशिवाय खुराडे कधीही निर्धोक होत नाही. जुन्या खुराड्याच्या दुरुस्तीत खर्च करावयाचा असेल तर तो प्रथम येथे करावा.

जमिनीचा प्रश्न निराळा. पिलांच्या रक्ती हगवणीचे सूक्ष्म जंतू विष्ठेतून मातीत उतरतात व सावलीच्या ओलसर मातीत कित्येक महिने टिकतात. सामान्य फिनेलाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यांना मारतात ती उष्णता आणि कोरडेपणा.

राखावे की पाडावे

कामास हात घालण्यापूर्वी खुराडे राखण्याजोगे आहे की नाही हे ठरवावे. त्यासाठी पावसाळ्यातील निरीक्षणाइतकी दुसरी चांगली कसोटी नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात खुराड्याचा तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान एक फूट उंच असावयास हवा. पागोळ्यांचे पाणी आत शिरत असेल, किंवा जमिनीतून ओल चढून भिंतीचा खालचा भाग शेवाळाने हिरवा पडत असेल, तर तेथे पैसा घालू नये. चिरे व कौले काढून उंचवट्यावर नवे खुराडे उभारणे अंती स्वस्त पडते. सांगाड्याच्या खांबात सुरीचे टोक टेकून दाबावे. ते सहज आत गेले तर लाकूड वाळवीने पोखरलेले आहे असे समजावे.

आणखी एक कसोटी हाताची. खुराड्याच्या सर्व कोपऱ्यांपर्यंत हात व खराटा पोहोचला पाहिजे. जुनी खुराडी बहुधा ठेंगणी आणि एकाच लहान दाराची असतात. कोंबडी आत जाते पण माणूस जात नाही, म्हणून तळ वर्षानुवर्षे साफ होत नाही. अशा वेळी लांबीची एक संपूर्ण बाजू बिजागऱ्यांवर उघडेल अशी करून घ्यावी. हे काम गावातला कोणताही सुतार एका दिवसात करील.

रिकामे करणे आणि धुणे

साठविलेला पसारा काढण्याचे काम भर दिवसा करावे. सोडणांच्या आणि लाकडांच्या ढिगात उंदीर असतात व उंदरांमागे नाग, घोणस, फुरसे येतात. पायात बूट असावेत, हात थेट ढिगात न घालता काठीने किंवा दाताळ्याने एकेक वस्तू ओढावी आणि मुलांना दूर ठेवावे. क्वचित अजगराचे दर्शन घडते. त्याला मारू नये, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हा आहे. वन खात्यास कळविले म्हणजे माणसे येऊन त्याला सुरक्षित नेतात.

जुनी विष्ठा आणि धूळ कोरडी झाडू नये. ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा, नाकातोंडाला फडके बांधावे आणि मग खरडावे. तळ मातीचा असल्यास वरची तीन-चार इंच माती पूर्णपणे उकरून काढावी. ही माती परसात जेथे पिले चरणार तेथे पसरणे म्हणजे रोग दारातून काढून खिडकीने आत घेण्यासारखे आहे. ती दूर खड्ड्यात पुरावी. जुने खिळे व तारांचे तुकडे कोंबड्या दाणा समजून गिळतात. ते वेचण्यास बिघडलेल्या ध्वनिक्षेपकातील लोहचुंबक दोरीला बांधून तळावरून फिरविल्यास उत्तम काम होते. शाळेतील मुलांना हे काम सांगितले तर ती ते खेळ म्हणून आनंदाने करतात.

लाकडावर जुना तैलरंग असेल तर त्याचे पोपडे जमिनीवर पडू देऊ नयेत. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून कडक मर्यादा लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. कोंबडीने ते टिपले तर ते अंड्यात उतरते. खाली गोणपाट पसरून, रंग ओला करून खरवडावा आणि पोपडे गोळा करून टाकावेत. ते जाळू नयेत. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर तेही फोडू किंवा करवतीने कापू नयेत, कारण त्यांतील तंतुमय धूळ घातक असते. अख्खे पत्रे ओले करून उतरवावेत.

त्यानंतर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंती, लाकूड आणि तळ ब्रशाने घासून धुवावा. येथे घाई करणे महागात पडते. जंतुनाशक कितीही उत्तम असले तरी घाणीच्या थरावर ओतल्यास वाया जाते. प्रथम घाण निघाली पाहिजे, जंतुनाशकाचे काम त्यानंतरचे. धुऊन झाल्यावर कौले उतरवून ठेवावीत आणि आठ-दहा दिवस खुराडे उन्हात उघडे तापू द्यावे. याच काळात रंगाऱ्याकडचा ब्लो-लॅम्प मिळाल्यास त्याची ज्योत चिऱ्यांच्या सांध्यांवरून आणि उरलेल्या लोखंडी भागांवरून सावकाश फिरवावी. जवळ गवत, झावळ्या किंवा सोडणे नाहीत याची खात्री करावी व पाण्याची बादली हाताशी ठेवावी.

पुष्कळ घरांच्या माळ्यावर गॅमेक्सिनचे जुने डबे अद्याप सापडतात. वडीलधारी मंडळी ती भुकटी खुराड्यात उडवीत असत. त्या भुकटीतील बी. एच. सी. वर १९९७ साली बंदी आली. ते विष शरीरात व अंड्यात साठून राहते, तेव्हा ती भुकटी कदापि वापरू नये. फटींसाठी कीटकनाशक हवेच असेल तर कोणते व किती पातळ करावे हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे आणि फवारणी खुराडे रिकामे असतानाच करावी.

गिलावा आणि चुना

ऊन खाऊन खुराडे कोरडे झाले की फटी बुजवाव्यात. चिऱ्यांचे सांधे खोलवर खरवडून त्यांत सिमेंटचा माल भरावा, आतून गुळगुळीत गिलावा करावा व भिंत आणि तळ जेथे मिळतात तेथे काटकोन न ठेवता गोलावा द्यावा, म्हणजे खराटा फिरविताना कोपऱ्यात घाण अडकत नाही. घुशीची बिळे केवळ मातीने बुजवून भागत नाही. त्यांत काचांचे तुकडे व दगड ठोकून वर काँक्रीट ओतावे.

मग चुना. शिंपल्यांचा असो वा दगडाचा, कळीचा चुना ताजा विरवून लावावा. चुना विरताना पाणी उकळू लागते व शिंतोडे उडतात. डोळ्यात गेल्यास दृष्टीस अपाय होतो. यास्तव प्लॅस्टिकची बादली न वापरता लोखंडी पिंप घ्यावे, चुन्यावर पाणी ओतण्याऐवजी पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. थंड झालेला चुना फडक्यातून गाळून, चिकटपणासाठी थोडा डिंक घालून, दोन हात द्यावेत. पहिला हात पातळ असावा, म्हणजे तो बारीक भेगांत शिरतो. पांढऱ्या भिंतीचा आणखी एक लाभ असा की पुढे गोचीड किंवा कोळी आले तर ते लगेच नजरेस पडतात.

चुना दमट हवेत नीट वाळत नाही. म्हणून हे सारे काम फाल्गुन-चैत्रात उरकावे. मृगाचा पाऊस तोंडावर आल्यावर सुरू केलेली दुरुस्ती सहसा अर्धवट राहते.

छप्पर, जाळी आणि दार

मंगळुरी कौले जुनी झाली म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ते आणखी कित्येक वर्षे टिकेल. बद्द वाजणारे कौल तडकलेले असते. शेवाळ घासून काढावे, एक-दोन काचेची कौले बसवावीत म्हणजे आत उजेड राहतो. वळचण भिंतीच्या बाहेर तीन फूट आलेली असावी. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते, तेव्हा त्या बाजूस वळचण अधिक वाढविली तरी चालेल.

झड अडविण्यासाठी पुष्कळजण जून महिन्यात चारही बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळतात. हा उपाय पावसापेक्षा अधिक अपाय करतो. विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू आत कोंडतो, गादी ओली होते व कोंबड्यांना श्वासाचे विकार जडतात. सकाळी दार उघडताच माणसाच्या डोळ्यांत चुरचुरले तर रात्रभर कोंबड्यांनी काय सोसले असेल हे निराळे सांगावयास नको. पडदा लावावयाचा तो गोणपाटाचा, केवळ झडीच्या बाजूस, आणि त्याच्या वरच्या अंगास वीतभर जागा मोकळी ठेवून.

जाळीची निवड करताना एक भेद लक्षात घ्यावा. षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण मुंगूस, घूस किंवा उदमांजर यांना बाहेर ठेवू शकत नाही. खालच्या दोन फुटांत अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची जाड, जोडकाम केलेली जाळी लावावी. जेथे भिंत नाही तेथे ती जमिनीत एक फूट गाडावी. वरच्या भागात पातळ जाळी चालेल. दाराची कडी आकड्याची नसावी, कुत्री नाकाने आकडा उचलतात. कोयंडा आणि खिट्टी उत्तम. मुंगूसही संरक्षित प्राणी आहे, त्याच्यासाठी सापळे लावण्यापेक्षा दार नीट लावणे हाच खरा उपाय.

किती कोंबड्या ठेवाव्यात

समजा, खुराडे सहा फूट लांब व चार फूट रुंद आहे. म्हणजे तळ चोवीस चौरस फूट. दिवसभर परसात चरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दीड चौरस फूट जागा पुरते. त्या हिशेबाने येथे सोळा कोंबड्या मावतील. पण गोव्यात जून ते सप्टेंबर कोंबड्या पुष्कळ वेळ आतच राहतात. तेव्हा प्रत्येकी दोन चौरस फूट धरावे, म्हणजे संख्या बारावर येते. प्रथमच पाळणाऱ्याने दहावर थांबावे हे बरे.

बसण्यासाठी प्रत्येकीला आठ इंच दांडा लागतो. दहा कोंबड्यांना ऐंशी इंच. रुंदीत चार फुटांचे दोन दांडे आडवे टाकले की काम भागते. दांडा दोन इंच रुंद, कडा गोल केलेला असावा आणि तो खिळ्याने ठोकून न बसविता भिंतीतील खोबणीत ठेवावा, जेणेकरून दर आठवड्यास उचलून उन्हात टाकता येईल. अंडी घालण्याची खोकी सव्वा फूट लांब-रुंद असावीत. चार-पाच कोंबड्यांना एक खोके पुरते. ती दांड्यांपेक्षा खालच्या पातळीवर व अंधाऱ्या बाजूस ठेवावीत. ती वर ठेवल्यास कोंबड्या त्यांतच झोपतात व अंडी घाण होतात. तळावर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची तीन इंचांची गादी घालावी.

सर्व काम झाल्यावरही दोन-तीन आठवडे खुराडे रिकामेच ठेवावे. या अवधीत रात्री विजेरी घेऊन फटी पाहाव्यात. दांड्यांच्या टोकांखाली पांढरे फडके घासावे. त्यावर तांबडे ओरखडे उमटले तर कोळ्यांनी रक्त प्यालेले आहे असे समजावे. रिकाम्या खुराड्यात मात्र ओरखडे न उमटता करड्या राखेसारखी हालती धूळ दिसते. तसे आढळल्यास धुणे व चुना पुन्हा करावा. कोंबड्या आल्यानंतर ही फडक्याची परीक्षा आठवड्यातून एकदा चालू ठेवावी.

कोंबड्या आणताना

पहिल्या खेपेस एक दिवसाची पिले आणू नयेत. त्यांना ऊब देणे, वेळच्या वेळी लसी टोचणे हे अनुभवाचे काम आहे. सहा ते आठ आठवड्यांची, राणीखेत व देवी या रोगांवरील लस दिलेली पिले किंवा तलंगा घ्याव्यात. कोणती लस केव्हा दिली हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे, कारण राणीखेत एकदा शिरला की त्यावर औषध नाही. गावठी कोंबडी वर्षास साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेल्या वनराज व ग्रामप्रिया या जाती अधिक अंडी देतात, परंतु त्यांना खुडूक बसण्याची ओढ कमी असते. पिले काढण्याची इच्छा असल्यास दोन-तीन गावठी कोंबड्या सोबत ठेवाव्यात. केवळ अंडी हवी असतील तर कोंबड्याची आवश्यकता नाही.

नव्या कोंबड्या पहिले चार-पाच दिवस खुराड्यातच कोंडून ठेवाव्यात. त्यानंतर सायंकाळी एक तास मोकळ्या सोडाव्यात, अंधार पडू लागताच त्या आपोआप परततात. कवच घट्ट होण्यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात.

पावसाळ्यात दररोज सकाळी मूठभर गादी हातात घेऊन दाबावी. मूठ उघडताच ती सुटी झाली तर ठीक, गोळा राहिला तर ओल वाढली आहे. तेवढा भाग काढून कोरडे तूस घालावे. काढलेली गादी ताजी असताना झाडांच्या मुळाशी घालू नये. दोन-तीन महिने खड्ड्यात कुजवून ती माडाच्या आळ्यात घालता येते.

दोन-चार कोंबड्या एकाएकी मेल्या तर त्या ओढ्यात टाकू नयेत व गुपचूप विकूही नयेत. उरलेल्या तशाच बंद ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच पक्ष्यांच्या फ्ल्यूची साथ आढळली, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मृत कोंबडी तपासणीसाठी न्यावयाची असल्यास हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचलावी, दुहेरी पिशवीत बांधावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.